हायकोर्ट, राजभवन, वकिलात: छागला यांच्या वाटचालीची पार्श्वभूमी

न्या. एस. अब्दुल नझीर ४ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाले आणि १२ फेब्रुवारीला आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून त्यांचे नाव जाहीर झाले. न्यायाधीशाने न्यायासन सोडल्यावर सरकारने दिलेले पद घ्यावे का, असा वाद त्यावर झाला, तसा तो २०१४ मध्ये माजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम केरळच्या राजभवनात गेले तेव्हाही झाला होता. मात्र या वादाची खरी सुरुवात मुंबई हायकोर्टात, १९५८ साली झाली. तिच्या केंद्रस्थानी होते मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद अली करीम छागला.

छागला ३० सप्टेंबर १९०० चे, मुंबईच्या इस्माइली खोजा घराण्यातले. सेंट झेवियर्स, मग ऑक्सफर्डचे लिंकन कॉलेज, १९२२ मध्ये लंडनच्या इनर टेम्पलची बॅरिस्टरी. मुंबईत ते जीनांच्या चेंबरमध्ये होते. भारताच्या भावी राज्यघटनेचा आराखडा मांडणाऱ्या १९२८ च्या नेहरू अहवालावरून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात त्यांनी कायदा शिकवला, १९४१ ला ते न्यायाधीश झाले. १९४६ मध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांत गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात ते होते. म्हणजे हायकोर्टाचे न्यायाधीश असतानाच त्यांनी परराष्ट्र व्यवहाराचे काम केले होते, ही गोष्ट पुढच्या वाटचालीकडे पाहताना विसरू नये. १५ ऑगस्ट १९४७ ला ते मुख्य न्यायमूर्ती झाले. त्या पदावर कायम नेमणूक झालेले पहिले भारतीय.

या कारकिर्दीत १९५६ हे वर्ष सर्वांत भरगच्च. १५ जुलैला त्यांनी हायकोर्टात, जिथे टिळकांना शिक्षा झाली त्या दालनाबाहेर, राजद्रोहाच्या खटल्यातल्या टिळकांच्या १९०८ च्या उद्गारांची संगमरवरी पाटी बसवली. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्याच्याच प्रमुखाने ती चूक मान्य करावी, याला मोठे धैर्य लागते. ऑक्टोबरात राज्यपाल हरेकृष्ण महताब पायउतार झाले आणि १४ ऑक्टोबर ते १० डिसेंबर छागला मुंबई राज्याचे हंगामी राज्यपाल होते. राज्यपालांचे काम अडून राहू नये म्हणून तात्पुरती व्यवस्था करण्याचा अधिकार राज्यघटनेचे कलम १६० राष्ट्रपतींना देते, आणि मुख्य न्यायमूर्तींना त्यांचे काम पाहता येत नसेल तेव्हा दुसऱ्या न्यायाधीशाकडे ते सोपवण्याची सोय कलम २२३ मध्ये आहे.

ते आठ आठवडे केवळ सह्या करण्याचे नव्हते. १ नोव्हेंबरला मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र आणि कच्छ जोडून द्विभाषिक मुंबई राज्य उभे राहिले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. हायकोर्टाचा पसाराही वाढला. नागपूर आणि राजकोट इथे न्यायाधीश बसू लागले. त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली. तोवर हायकोर्टाच्या कायम न्यायाधीशाला पद सोडल्यावर देशात कुठेच वकिली करता येत नव्हती. कलम २२० बदलल्यावर सर्वोच्च न्यायालय आणि इतर हायकोर्टांची दारे उघडली, स्वतःचे हायकोर्ट मात्र बंदच राहिले. ही दुरुस्ती पुढे छागला यांच्याच उपयोगी पडली.

जानेवारी १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांच्याकडे आली. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते, तेही गुंतवणूक समितीला डावलून. छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. गर्दी इतकी की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. चोवीस दिवसांत काम उरकून १० फेब्रुवारीला अहवाल दिला. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, हा त्यातला कळीचा निष्कर्ष, अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावे लागले. सरकारला इतक्या स्पष्टपणे सुनावणारा न्यायाधीश त्याच वर्षी त्याच सरकारचा राजदूत होऊन वॉशिंग्टनला गेला.

आक्षेप घेतला तो महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, मोतीलाल सेटलवाड यांनी. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या विधी आयोगाने (कायद्यातल्या सुधारणा सुचवणारा आयोग) सप्टेंबर १९५८ च्या चौदाव्या अहवालात, न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये अशी शिफारस केली होती. छागला त्या आयोगाचे सदस्य होते. अहवालावर सही करून, तो प्रसिद्ध होण्याआधीच त्यांनी पद सोडले, हे सेटलवाड यांनी आत्मचरित्रात कडक शब्दांत नोंदवले आहे. तेव्हा हायकोर्टातले निवृत्तीचे वय ६० होते, म्हणजे छागला यांची दोन वर्षे शिल्लक होती. हा आक्षेप रास्त होता. १९५६ ची व्यवस्था तात्पुरती होती आणि ते पुन्हा न्यायासनावर परतले. १९५८ ला मात्र परतीची वाट नव्हती आणि मध्ये काही काळही गेला नव्हता.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तर न्यायाधीश आणि सरकारचा प्रतिनिधी या दोन्ही भूमिका एकाच वेळी आल्या. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाल्यावर, भारतातून तिथे जाण्याचा हक्क मागत पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ ला भारताविरुद्ध दावा लावला. ज्या पक्षाचा न्यायाधीश पीठावर नसेल त्याला त्या खटल्यापुरता एक नेमता येतो. भारताने छागला यांना नेमले. १९५७ च्या प्राथमिक निकालात ते मुख्य न्यायमूर्ती होते, १२ एप्रिल १९६० च्या अंतिम निकालात राजदूत. दोन्ही वेळा त्यांनी भिन्नमत लिहिले. खटल्यात मराठ्यांचा १७७९ चा तह तपासला गेला आणि पोर्तुगिजांना मिळाले ते सार्वभौमत्व नव्हे, तर वर्षाला बारा हजार रुपयांचे सरंजामी उत्पन्न, असे न्यायालयाने ठरवले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले.

पुढे ते लंडनमध्ये उच्चायुक्त, १९६३ ला शिक्षणमंत्री (शिक्षणपद्धतीचा आढावा घेणारा कोठारी आयोग त्यांच्याच काळातला), १९६६ ला परराष्ट्रमंत्री झाले. विद्यापीठांत प्रादेशिक भाषा माध्यम करण्याच्या धोरणावरून सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि कलम २२० च्या आधारे सर्वोच्च न्यायालयात वकिली केली. आणीबाणीला त्यांनी जाहीर विरोध केला. ९ फेब्रुवारी १९८१ ला मुंबईत त्यांचे निधन झाले.

चौदाव्या अहवालातली ती शिफारस कायद्यात उतरलीच नाही. कलम १२४(७) सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाला फक्त वकिलीपासून रोखते. राज्यपालपदासाठी कलम १५७ नागरिकत्व आणि ३५ वर्षे पूर्ण एवढेच मागते. नियंत्रक व महालेखापालाला मात्र पद सोडल्यावर केंद्राचे वा राज्याचे दुसरे पद घेण्यास कलम १४८(४) ने बंदी आहे.