तासाभराचा विनोद, अर्ध्या तासाचं नाट्य: एमी पुरस्कारांतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

12 सप्टेंबर 1999 च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन टीव्हीचे एमी पुरस्कार जाहीर झाले आणि डेव्हिड ई. केली या निर्माता-लेखकाने दोन सर्वोच्च मान एकदमच पटकावले. त्यांची ‘द प्रॅक्टिस’ सर्वोत्तम ड्रामा मालिका ठरली, तर ‘अ‍ॅली मॅक्बील’ सर्वोत्तम विनोदी मालिका. दोन्ही बोस्टनमधल्या वकिलांच्या, दोन्ही तासाभराच्या, दोन्हींत कोर्टातले खटले आणि ऑफिसातली प्रेमप्रकरणं. ‘अ‍ॅली मॅक्बील’मध्ये नायिकेच्या मनातले चित्रविचित्र भास पडद्यावर दिसत आणि एकूण सूर खेळकर असे, हा त्यातला फरक. सलग पाच वर्षं विनोदाचा मान मिळवणाऱ्या ‘फ्रेझर’ची सद्दी त्या रात्री संपली. तासभर चालणाऱ्या मालिकेला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. विनोदी कशाला म्हणायचं, हा प्रश्न तेव्हापासून पुरस्कारांची पाठ सोडायला तयार नाही.

(भारतात गाजलेले एमी वेगळे. 2020 मध्ये ‘दिल्ली क्राइम’ला आणि 2023 मध्ये वीर दास यांना मिळाले ते आंतरराष्ट्रीय एमी; ते देणारी संस्थाही निराळी. इथे विषय आहे अमेरिकेतल्या प्राइमटाइम एमींचा.)

एमीची सुरुवात अगदी साधी होती. 25 जानेवारी 1949 रोजी हॉलिवूड अ‍ॅथलेटिक क्लबमध्ये पहिला समारंभ झाला, तिकीट 5 डॉलर. सहा पुरस्कार होते आणि तेही फक्त लॉस एंजेलिस परिसरातल्या कार्यक्रमांसाठी. सर्वोत्कृष्ट टीव्ही व्यक्तिमत्त्वाचा मान मिळाला शर्ली डिन्सडेल या शब्दभ्रमकार तरुणीला, म्हणजे बोलक्या बाहुलीच्या खेळाला. विनोदी मालिका आणि ड्रामा असे कप्पे तेव्हा पडलेलेच नव्हते.

ते कप्पे पाडले घड्याळाने. अर्ध्या तासाचा विनोदी कार्यक्रम ही रेडिओची रीत टीव्हीने जशीच्या तशी उचलली. 1951 मध्ये ‘आय लव्ह लुसी’ आली. प्रेक्षक समोर बसवून, तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रीकरण व्हायचं. नायिका ल्युसिल बॉलची फजिती आणि प्रेक्षकांतून उठलेला खराखुरा हशा एकाच वेळी टिपला जायचा. 1953 आणि 1954 मध्ये सर्वोत्तम सिटकॉमचा (प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेचा) एमी या मालिकेला मिळाला. पुढे चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने हशाची पेटीच बनवली. कळ दाबली की हवं तसं हसू: दबकं, खळखळून, एकट्या बाईचं. वाहिन्यांना ती इतकी आवडली की हशा ऐकू येतो ती विनोदी मालिका, अशी व्याख्याच रूढ झाली. गंभीर नाट्याला तासभर आणि विनोदाला अर्धा तास, हेही असंच वेळापत्रकाच्या आणि जाहिरातदारांच्या सोयीने पक्कं झालं.

याला पहिला मोठा तडा दिला ‘मॅश’ने. कोरियन युद्धातल्या फिरत्या लष्करी इस्पितळाची ही मालिका 1972 ते 1983 अशी सीबीएस या वाहिनीवर चालली. ध्वनिमुद्रित हशा हवाच, हा वाहिनीचा आग्रह होता. निर्मात्यांनी एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली: शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हशा वाजणार नाही. त्यामुळे तंबूत डॉक्टर एकमेकांची टर उडवताहेत तोवर हसू ऐकू येतं, आणि टेबलावर जखमी सैनिक आला की तसेच टोमणे नुसत्या उपकरणांच्या आवाजात ऐकावे लागतात. 1974 मध्ये या मालिकेला सर्वोत्तम विनोदी मालिकेचा एमी मिळाला. तो योग्यच होता असं मला ठामपणे वाटतं, कारण तिथल्या माणसांना जगवतो तो विनोदच. तो काढला तर मालिकाच उरत नाही.

एकच पात्र दोन्ही कप्प्यांत जाऊ शकतं हे एड अ‍ॅस्नर यांनी दाखवलं. लू ग्रँट या संपादकाच्या भूमिकेसाठी त्यांना आधी ‘द मेरी टायलर मूर शो’ या सिटकॉममध्ये आणि मग ‘लू ग्रँट’ या तासाभराच्या ड्रामात एमी मिळाले. तिथे निदान मालिका दोन होत्या. उझो अडुबा यांच्या बाबतीत मालिका एकच, ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’, आणि भूमिकाही तीच. 2014 मध्ये त्यांना विनोदी विभागात पाहुण्या अभिनेत्रीचा एमी मिळाला, 2015 मध्ये ड्रामा विभागात सहाय्यक अभिनेत्रीचा. मधल्या काळात बदलला होता फक्त नियम. अर्धा तास म्हणजे विनोदी, तास म्हणजे ड्रामा, असं एमी देणाऱ्या अकादमीने 2015 मध्ये सरळ ठरवून टाकलं. कुणाला मान्य नसेल तर नऊ जणांच्या समितीकडे दाद मागायची आणि दोन तृतीयांश मतं मिळवायची. ‘शेमलेस’ आणि ‘जेन द व्हर्जिन’ या तासाभराच्या मालिकांना विनोदी विभाग मिळाला, ‘ऑरेंज’ला नाकारला गेला.

मतं कशी पडतात हेही इथे महत्त्वाचं. एमीचे मतदार म्हणजे याच धंद्यातले लोक: लेखक, नट, दिग्दर्शक, संकलक. पूर्वी निवडक परीक्षक शनिवार-रविवारी हॉटेलात एकत्र बसून भाग पाहत. 2000 पासून टेप घरी नेण्याची मुभा मिळाली आणि 2015 मध्ये अंतिम मतदान छोट्या मंडळांकडून काढून त्या-त्या विभागातल्या सगळ्या पात्र सदस्यांसाठी खुलं झालं. घरी एकट्याने पाहताना विनोदाचा तोटा होतो, असं माझं मत आहे. दुःख एकट्यालाही भिडतं. हसायला मात्र सोबत लागते.

समीक्षकांची वाट वेगळी. त्यांची टेलिव्हिजन क्रिटिक्स असोसिएशन 1978 मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या पुरस्कारांत अभिनेता-अभिनेत्री असा भेद नसतो. ‘द वायर’ला पाच सीझनमध्ये एकही एमी मिळाला नाही, समीक्षकांनी मात्र 2008 मध्ये तिचा हेरिटेज पुरस्काराने गौरव केला. 2022 मध्ये तर त्यांनी ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ या साध्या, अर्ध्या तासाच्या शाळेतल्या विनोदी मालिकेला वर्षातला सर्वोत्तम कार्यक्रम ठरवलं. त्याच वर्षी एमीत सर्वोत्तम विनोदी मालिका ठरली ‘टेड लासो’. तरी समीक्षकही निर्दोष नाहीत. विनोदी मालिका रडवायला लागली की ती ‘मोठी’ झाली, असं लिहिण्याची सवय त्यांच्यातल्या अनेकांना आहे.

2022 च्या पुरस्कारांपासून अकादमीने लांबीची अट काढून टाकली. विभाग निर्मात्याने निवडायचा, अकादमीला तो तपासण्याचा अधिकार. यातून विनोदी विभागात उतरलेल्या ‘द बेअर’ या उपाहारगृहावरच्या मालिकेचा वाद पेटला. तिचा ‘फिशेस’ हा भाग तासाहून मोठा आहे. नाताळची रात्र, स्वयंपाकघरात एकामागून एक वाजणारे टायमर, पिऊन स्वयंपाक करणारी आई, जेवणाच्या टेबलावर फेकले जाणारे काटे आणि शेवटी घराच्या भिंतीत घुसणारी गाडी. आईच्या भूमिकेतलं जेमी ली कर्टिस यांचं काम थरारून टाकणारं आहे. त्यांना आणि जॉन बर्नथल यांना पुरस्कार मिळाले ते विनोदी विभागात. सप्टेंबर 2024 मध्ये या मालिकेने 11 एमी जिंकले, पण सर्वोत्तम विनोदी मालिकेचा मान गेला ‘हॅक्स’कडे. वयस्क स्टँडअप कलावंत आणि तिची तरुण लेखिका एकेका वाक्यावर कसा जीव टाकतात, हाच ‘हॅक्स’चा विषय. मतदारांनी त्या रात्री योग्य निवड केली.

कारण हसवणं ही मोजूनमापून करायची कारागिरी आहे, आणि तिची तुलना शोकांतिकेशी लावली की ती हमखास हरते. 2025 मध्ये ‘द स्टुडिओ’ने 13 एमी घेऊन विनोदी मालिकेचा एका वर्षातला विक्रम केला. दिग्दर्शनाचा एमी मिळाला ‘द वनर’ या भागाला. त्यात एक दिग्दर्शिका मावळतीच्या प्रकाशात सलग एकाच शॉटमध्ये दृश्य घेऊ पाहते आणि स्टुडिओचा प्रमुख मधे-मधे करून तो शॉट दरवेळी वाया घालवतो. तो भागही सलग एका शॉटमध्ये घडतो असाच रचलेला आहे.