पट्टे आवळू नका: कुशीवर झोपणारे आणि सीपॅपचा मास्क

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडणाऱ्यांना मास्कमधून दाबाची हवा देणारं यंत्र. त्याच्या मास्कमधून रात्री हवा सुटायला लागली की अर्धवट झोपेतला माणूस एकच गोष्ट करतो, पट्टा ओढतो. तरी सुटली तर आणखी ओढतो. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठलेला असतो, गालांवर पट्ट्यांचे चर पडलेले असतात, आणि हवा सुटायची ती सुटतच असते. मास्क ढिला म्हणून हवा सुटते, हा समज इतका सरळ आहे की तो तपासून पाहावा असं कुणाला वाटतच नाही. उताणं झोपणाऱ्यांचं त्यावर कसंबसं भागतं. कुशीवर वळणाऱ्यांचं भागत नाही.

स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट मिटते आणि श्वास अडतो. नाकावाटे सतत थोडा दाब दिला तर ही वाट उघडी राहते, हे सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1980 मध्ये करून पाहिलं आणि 1981 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तेव्हा रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क बनवत आणि झोपताना तो सिलिकॉनच्या चिकटद्रव्याने चेहऱ्याला चक्क चिकटवत. म्हणजे गळतीची डोकेदुखी सीपॅपइतकीच जुनी आहे.

यंत्राचा दाब साधारण 4 ते 20 सेंटिमीटर पाणी, म्हणजे तेवढ्या उंचीचं पाणी तळाशी जितका दाब देईल तितका असतो. 10 सेंटिमीटर धरला तर तो बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम एक टक्का जास्त भरतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एवढ्या दाबाखाली फटीतून निसटणाऱ्या हवेचा वेग काढला तर तो सेकंदाला सुमारे 40 मीटर येतो, म्हणजे ताशी 140 किलोमीटरच्या वर! ही हवा नाकाच्या बाजूने वर डोळ्यात जाते, म्हणून सकाळी डोळे कोरडे आणि लाल. एक सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद फट मिनिटाला चौदा-पंधरा लिटर हवा सोडते. रेसमेड या कंपनीची सीपॅप यंत्रं मिनिटाला 24 लिटरच्या पुढची गळती जास्त मानतात. तिथपर्यंत जायला अशा दोन फटी पुरतात.

यात मास्कवरच्या बारीक भोकांची हवा धरलेली नाही. ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो, आणि मध्यम दाबाला त्यांतून मिनिटाला 30-40 लिटर हवा सहज वाहते. आवाज येतो म्हणून कुणी ती चिकटपट्टीने बुजवतो, कुणी पांघरूण तोंडावर ओढून झाकतो. दोन्ही धोक्याचं आहे, कारण मग तीच शिळी हवा पुन्हा आत घेतली जाते.

आता खरी गंमत. मास्कची सिलिकॉनची कड नीट पाहिली तर ती बहुधा दुहेरी दिसते. बाहेर एक जाड भिंत, आणि तिच्यावरून आतल्या बाजूला वळलेला अगदी पातळ पडदा. चेहऱ्याला टेकतो तो हा पडदा. हवा सुरू झाली की मास्कमधला दाब पडद्याला आतून ढकलतो आणि तो फुगून त्वचेवर पसरतो, खाचखळग्यांत जाऊन बसतो. हवा अडवायचं काम पट्टा करत नाही, आतली हवाच करते. सायकलच्या पंपात दांड्याच्या टोकाला वाटीसारखा चामडी वॉशर असतो, त्याचं तत्त्व हेच. दांडा खाली दाबला की आतली हवाच वॉशरची कड पंपाच्या भिंतीवर रेटते, आणि दाब जितका जास्त तितकी कड घट्ट बसते.

मग पट्टा कशाला? हिशोब करू. 10 सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर 10 ग्रॅम वजनाइतका जोर. नाकावरच्या मास्कने 25 चौरस सेंटिमीटर जागा झाकली असं धरलं तर मास्क चेहऱ्यापासून दूर ढकलणारा जोर अडीचशे ग्रॅम झाला. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कची जागा 70 धरली तर सातशे ग्रॅम. पट्ट्याने एवढा जोर पेलायचा आणि वर थोडासा, बस्स. त्याहून फार ओढलं की जाड भिंत चेहऱ्यावर येते, पडदा तिच्याखाली चेपतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. अशा प्रत्येक सुरकुतीखाली एक पन्हळ तयार होते. फट केसाएवढी बारीक असेल तेव्हा तिच्यातून जाणारी हवा फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. उंची दुप्पट झाली तर गळती आठपट, तिप्पट झाली तर सत्तावीसपट. मिशा, दाढीचे खुंट, रात्रभरात जमलेलं त्वचेचं तेल ही क्षुल्लक वाटणारी मंडळी एवढा त्रास देतात त्याचं कारण हा घन. गणित नको असेल तर एवढं धरा की पडद्याला फुगायला जागा हवी आणि पट्टा फार ओढला की ती जागा जाते.

कुशीवर वळल्यावर काय होतं? डोकं चार-पाच किलोचं, त्याचा भार उशीवर. मास्कची चौकट गालापेक्षा पुढे आलेली असते, त्यामुळे उशी तिला खालच्या बाजूने ढकलते आणि चौकट तिरपी होते. खालच्या गालावर पडदा चेपतो, वरच्या बाजूला तो त्वचेपासून सुटतो आणि तिथून हवा डोळ्याकडे निघते. त्यात गालांचं मांसही जागा सोडतं. वरचा गाल नाकाकडे ओघळतो, खालचा उशीमुळे वर सरकतो. गाढ झोपेत जबडा सैल पडून बाजूला झुकला की नाक-तोंड झाकणारा मास्क हनुवटीपाशीही उघडतो. नळी दुसऱ्या बाजूला अडकली असेल तर तिचा ओढाही यात भर घालतो. हा सगळा मामला तिरपेपणाचा आहे. पट्टा आवळून तिरपी चौकट सरळ होत नाही, तिरपीच घट्ट होते.

म्हणून मास्क बसवायचा तो आरशासमोर उभं राहून नव्हे, तर ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर आडवं होऊन, यंत्र सुरू ठेवून. तेही पूर्ण दाबावर. बरीच यंत्रं सुरुवातीला दाब कमी ठेवून हळूहळू वाढवतात, त्यामुळे झोपताना ठीक वाटलेला मास्क मध्यरात्री फुरफुरायला लागतो. मास्क बसतोय का ते तपासायची सोय यंत्रात असेल तर ती वापरावी. पट्टे थोडे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून बोटभर उचला, पडदा फुगू द्या आणि अलगद परत टेकवा. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, थोडे थोडे ओढा आणि हवा थांबली की तिथेच थांबा. वळल्यावर हवा सुटली तर आधी मास्क असाच उचलून टेकवून पाहावा, पट्ट्याला हात नंतर.

उशी मात्र बदलण्यासारखी आहे. मऊ उशीत चेहरा रुततो आणि मास्कही. थोडी कडक उशी घेऊन डोकं तिच्या कडेपाशी ठेवलं तर मास्क काठाबाहेर मोकळा राहतो. बाजूंना खाचा असलेल्या खास उशा मिळतात, त्यांचं तत्त्व हेच, आणि काठाने भागत असेल तर त्यांची गरज नाही. नळी डोक्यावरून मागे न्यावी आणि वळण्यापुरती सैल सोडावी. काही मास्कना ती डोक्याच्या माथ्यावरच जोडलेली असते, आणि कुशीवर झोपणाऱ्यांसाठी मला तीच रचना सर्वात शहाणपणाची वाटते. नुसत्या नाकपुड्यांना टेकणारे मास्क आकाराने लहान, म्हणून उशीला कमी लागतात. पण दाब फार जास्त असेल तर काहींना ते सोसत नाहीत. कड रोज धुवावी, झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा. सिलिकॉन जुनं होऊन लुळं पडलं की कोणतीही युक्ती चालत नाही, कड बदलावीच लागते.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा उताणंच झोपावं, असा सल्ला कुणी देईल. तो घेऊ नये. झोपेच्या संशोधक रोझलिंड कार्टराइट यांनी 1984 मध्येच दाखवलं होतं की पुष्कळ रुग्णांचा श्वास उताणं असताना कुशीच्या तुलनेत दुपटीहून जास्त वेळा अडतो. उताण्या स्थितीत जीभ आणि टाळूचा मऊ भाग गुरुत्वाकर्षणाने मागे पडतो. कुशीवर अनेकांना दाबही कमी पुरतो, आणि दाब कमी म्हणजे गळतीही कमी.

दुसरा सल्ला जाहिरातींतून येतो: नळी नको, वीज नको, नाकपुडीत बसणारं चिमुकलं यंत्र घ्या. मिनिटाला 35 लिटर हवा 10 सेंटिमीटर दाबावर वाहती ठेवायची तर सुमारे अर्धा वॉट लागतो, आठ तासांचे साडेचार वॉट-तास. हे मोटर आदर्श असेल तर. खऱ्या मोटरला याच्या तिप्पट धरा, म्हणजे मोबाइलची अख्खी बॅटरी. ती नाकपुडीत कुठे बसवणार? चुंबकाच्या क्लिपा आणि घोरणं थांबवणाऱ्या अंगठ्यांना तर आकडेमोडीचीही गरज नाही.

राहिली यंत्राची नोंद. गळतीचा आलेख बघायची सोय असेल तर त्याचा आकार पाहावा. रेघ एकदम चढून बराच वेळ सपाट राहिली आणि एकदम उतरली, तर बहुतेकदा कूस बदलल्याने मास्क सरकलेला असतो. करवतीच्या दात्यांसारखी खालीवर होत असेल, विशेषतः पहाटेकडे, तर संशय तोंडावर घ्यावा. नाकाचा मास्क लावून तोंड उघडलं की हवा ओठांतून जाते, आणि तोंड कोरडं पडून जाग येते. तोंडाला चिकटपट्टी लावायचं खूळ सध्या समाजमाध्यमांवर आहे. नाक चोंदलेलं असताना ती लावणं धोक्याचं. आधी नाक का चोंदतं ते डॉक्टरांना दाखवावं, यंत्राची गरम वाफ वाढवून पाहावी, आणि तरीही जमलं नाही तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेऊन पुन्हा त्या कुशीवर आडवं व्हावं.