गर्भातले प्रथिन आणि यकृताच्या कर्करोगावरील लस

यकृताच्या कर्करोगाचा संशय आला की रक्ततपासणीत ‘एएफपी’चा आकडा हमखास पाहिला जातो. एएफपी, म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन, हे मुळात गर्भाचे प्रथिन आहे. जन्मानंतर त्याचे प्रमाण झपाट्याने घटते आणि निरोगी प्रौढाच्या रक्तात ते साधारणपणे प्रति मिलिलिटर १० नॅनोग्रॅमच्या खालीच राहते.

त्याचा कर्करोगाशी संबंध १९६३ मध्ये मॉस्कोत गॅरी अबेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड केला. अगारच्या जेलमध्ये रक्तद्रव आणि प्रतिपिंडे शेजारी ठेवली की दोन्ही पसरत जाऊन जिथे भेटतात तिथे पांढरी रेघ उमटते. गर्भातल्या उंदराच्या रक्तद्रवाने उमटणारी आणि निरोगी प्रौढ उंदरात न दिसणारी ही रेघ यकृतात गाठ असलेल्या उंदरांत पुन्हा दिसली. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांना हेच प्रथिन यकृताचा कर्करोग झालेल्या माणसाच्या रक्तात सापडले.

गाठीची ही खूण लसीचे लक्ष्य का होऊ नये, हा प्रश्न सुचायला सोपा, पण उत्तर अवघड होते. हिपॅटायटिस-बीची लस विषाणूला रोखून यकृताचा कर्करोग टाळते आणि विषाणू शरीराला परकाच असतो. एएफपी मात्र शरीराचे स्वतःचे, गर्भावस्थेपासून ओळखीचे प्रथिन असल्याने त्यावर जोरकस हल्ला करू शकणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) बव्हंशी आधीच गाळल्या गेलेल्या असतात. शिवाय जुनाट हिपॅटायटिसमध्येही हे प्रथिन वाढते, आणि यकृताच्या सगळ्याच गाठी ते तयार करत नाहीत.

तरीही काही टी-पेशी उरतात, हे लॉस एंजेलिसमध्ये लिसा बटरफील्ड यांच्या गटाने १९९९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले. त्यानंतर मोजक्या रुग्णांना आधी एएफपीचे पेप्टाइड, म्हणजे छोटे तुकडे, आणि पुढे हे तुकडे लावलेल्या त्यांच्याच डेंड्रायटिक पेशी, म्हणजे टी-पेशींना लक्ष्य दाखवणाऱ्या पेशी, टोचण्यात आल्या. काहींच्या टी-पेशी जाग्या झाल्या, परंतु गाठी आटल्याचे ठोस चित्र दिसले नाही. माझ्या मते या चाचण्यांचे खरे मोल लस सुरक्षितपणे देता येते हे कळण्यातच होते.

म्हणून पुढच्या संशोधकांनी प्रथिनातले निवडक अमिनो आम्ल बदलून त्याला किंचित परके रूप दिले, जेणेकरून जागी झालेली टी-पेशी मूळ एएफपीलाही ओळखेल. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा जनुकीय लसीने (प्रथिनाऐवजी त्याचे जनुक देणाऱ्या लसीने) रसायनामुळे होणाऱ्या यकृताच्या गाठींना उंदरांत आळा घातला. पण तिथे लस गाठीच्या आधी पोहोचली होती. रुग्णाच्या यकृतात गाठ आधीच ठाण मांडून बसलेली असते.