शरणपूरची मिशन शाळा

नाशिकच्या शरणपूर वसाहतीत एकोणिसाव्या शतकात चाललेली ख्रिस्ती शाळा. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1854 मध्ये शहराबाहेर ही वसाहत वसवली. बायबलच्या जुन्या करारात जीव वाचवायला आलेल्यांना थारा देणारी नगरे आहेत, नाव त्यावरून. शाळा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाची होती. नाशिक रोडच्या कॅथलिक शाळा बऱ्याच नंतरच्या, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नये.

शाळा जगाला माहीत झाली ती आफ्रिकी मुलांमुळे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिश आरमार गुलामांनी भरलेली गलबते पकडी आणि सुटका झालेल्या मुलांपैकी काहींना मुंबईला आणी. 1860 च्या सुमारास त्यांचा आश्रम शरणपुरात आला. तिथे मुलीही होत्या, पण नाव झाले मुलांचे. लिहिणे-वाचणे, प्रार्थना आणि जोडीला सुतारकाम, लोहारकाम असा अभ्यासक्रम होता. पोट भरेल असा हुन्नर हाती देणे हा त्यातला व्यवहार. मुलांची जुनी नावे मात्र बाप्तिस्म्यात गेली. एडवर्ड गार्डनर, सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग ही नावे वाचून कोणाला आफ्रिका आठवणार?

आफ्रिकेचा स्कॉटिश संशोधक व मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1866 मध्ये तिथल्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा शरणपूरची नऊ मुले त्याच्याबरोबर होती. इंग्रजी कागदपत्रांत ती ‘नासिक बॉइज’ म्हणून येतात. लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत त्यांच्या आळशीपणाबद्दल बरीच कुरकुर केली आहे. पुष्कळ जण वाटेत गळाले. गार्डनर मात्र शेवटपर्यंत टिकला. 1872 मध्ये मदतीला गेलेल्या तुकडीत याच शाळेचा जेकब वेनराइट होता. मे 1873 मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचे काळीज झाडाखाली पुरले, वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. अक्षरे शरणपुरात गिरवलेली. उरलेला देह वाळवून, गुंडाळून त्यांनी किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनाच्या वेळी शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता.

या मंडळींतल्या चुमालाही, लिव्हिंग्स्टनच्या दुसऱ्या सोबत्याला, सर्रास नाशिकचा म्हणतात. ते चूक आहे. तो मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकला होता.

1875 मध्ये आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वसाहत उभी राहिली. ती उभारायला प्राइस स्वतः गेले आणि शरणपूरची बरीच आफ्रिकी मंडळीही तिकडे गेली. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत, म्हणजे नाशिक पुन्हा मुंबईच्या पोटात गेले. त्यांच्यातला मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासात होता.

नाशिकमध्ये उरला तो शरणपूर रोड. कॅनडा कॉर्नरला जाणारा रिक्षावाला हे नाव दिवसातून दहा वेळा घेतो.