नार्वे–दिवाडी तर

गोव्यात मांडवी नदीच्या उत्तरेकडील फाट्यावर, तिसवाडी तालुक्यातील दिवाडी बेट आणि डिचोली तालुक्यातील नार्वे गाव यांना जोडणारी जुनी तर. पात्र फार रुंद नाही आणि फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे लागते. तरीही गोव्याच्या इतिहासात या पाण्याला मोठे महत्त्व आहे, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते दोन राजवटींमधली सरहद्द होते. दिवाडी सोळाव्या शतकाच्या आरंभीच पोर्तुगीजांकडे गेले. डिचोलीचा मुलूख मात्र आदिलशाही, मराठे आणि सावंतवाडीकर भोसले यांच्याकडे फिरत राहिला आणि नंतर 'नव्या काबिजादी'त, म्हणजे पोर्तुगीजांनी अठराव्या शतकात मिळवलेल्या मुलखात, आला. बेटांच्या कडेने पोर्तुगीजांनी उताराच्या जागी चौक्या बसवल्या होत्या, नार्व्याची चौकी त्यांपैकीच एक.

तरीची आठवण घराघरांत टिकली ती सप्तकोटेश्वरामुळे. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असे बिरुद ते मिरवीत. देऊळ मूळचे बेटावरच्या नार्व्यात होते. बहमनी काळात ते पडले, विजयनगरच्या माधवमंत्र्याने चौदाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा उभारले, आणि 1540 च्या सुमारास तिसवाडीतील इतर देवळांबरोबर पोर्तुगीजांनी पाडले. परंपरा सांगते, की लिंग काही काळ विहिरीच्या कामाला लावलेले होते. भाविकांनी ते तिथून काढून नदीपार भतग्राम महालात, म्हणजे आजच्या डिचोलीत, नेले. देवापाठोपाठ गावाचे नावही पलीकडे गेले, त्यामुळे आज नदीच्या दोन्ही बाजूंना नार्वे आहे. दिवाडीवरील नावेली येथील गणपतीची वाटही अशीच वळणावळणाची सांगतात: खांडेपार, मग नार्वे, आणि शेवटी खांडोळे.

फोंडा, डिचोली, कारवार, मुंबई इथे पांगलेल्या घराण्यांत स्थलांतराची गोष्ट आजही सांगितली जाते. तिचा साचा बहुधा ठरलेला असतो: अंधारी रात्र, एक होडी, कपड्यात गुंडाळलेला देव आणि मागे राहिलेले घर. हा साचा जसाच्या तसा इतिहास म्हणून घेता येत नाही. देवळे पाडण्याचे काम चोरून नव्हे, सरकारी हुकुमाने उघड झाले. लिंगही मोडतोडीनंतर बऱ्याच वर्षांनी हलले. माणसे एका रात्रीत गेली नाहीत. काही आधी गेली, काही नंतर, आणि बरीच बाटून बेटावरच राहिली. त्यामुळे पुष्कळदा एकाच कुळाच्या दोन शाखा दोन तीरांवर दोन धर्मांत वाढल्या. घरच्या गोष्टीत या वर्षानुवर्षांच्या हालचालीची एक रात्र होते. त्यातला तपशील संशयास्पद असला, तरी कोणता देव कोणत्या गावातून निघाला एवढे या गोष्टींनी नीट जपले आहे, आणि अभ्यासकाला तेच जास्त उपयोगी पडते. होडी वल्हवणारा तारी मात्र यांतल्या बहुतेक गोष्टींत बिननावाचाच असतो.

पैलतीरावरच्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाला. दारावरचा देवनागरी शिलालेख तसे सांगतो. घुमटी शिखर, उतरते छप्पर आणि समोर दीपस्तंभ अशी ही बांधणी साधी आहे. पुढच्या काळात बांधलेल्या गोव्यातील भपकेबाज देवळांशेजारी ती बुटकीच वाटेल. शत्रूच्या हद्दीपासून एका होडीच्या अंतरावर हे बांधकाम काढणे ही भक्तीइतकीच राजकीय कृतीही होती, असे मानायला जागा आहे.

बेटावर जुन्या वस्तीच्या खुणा थोड्याच उरल्या आहेत. पिएदादच्या टेकडीवरील चर्चच्या दफनभूमीत एक लहान चॅपेल आहे. त्याचे कोरीव दगडकाम कदंबकालीन देवळाचे आहे. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या तीरावर पंचगंगेच्या, म्हणजे याच पाण्याच्या, स्नानासाठी लोक जमतात. नवे देऊळ पलीकडे गेले तरी तीर्थ म्हणून मान या पाण्यालाच राहिला.

दिवाडीला रस्त्याचा पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन बाजूंनी राज्याच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी बेटाला लागतात. पहिल्या दोन मार्गांवर पणजीकडे कामाला जाणाऱ्यांची गर्दी असते, नार्व्याच्या बोटीला त्या मानाने कमी. मुंबईहून कुलदैवताला येणारी मंडळी हल्ली बहुधा डिचोलीच्या रस्त्याने मोटारीनेच देवळापर्यंत पोचतात आणि परततात, त्यामुळे ज्या तरीची गोष्ट घरी ऐकलेली असते, ती पाहायची त्यांची राहूनच जाते.