पीटरहॉफ
पीटरहॉफ : रशियन सम्राटांचे उन्हाळी निवासस्थान. ते सेंट पीटर्झबर्गच्या पश्चिमेस सु. ३० किमी.वर, फिनलंडच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. जर्मन नावाचा अर्थ ‘पीटरचा दरबार’. येथील राजवाडा प्रसिद्ध असला, तरी या स्थळाचा खरा इतिहास पाण्याचा आहे.

स्थापनेचे वर्ष वादग्रस्त आहे. पीटर द ग्रेटच्या रोजनिशीत १७०५ मध्ये हे नाव येते. पण तेथे उल्लेखिलेली जागा म्हणजे आखातातील कोतलीन बेटाकडे जाता-येता उतरण्याचे साधे ठिकाण असावे. आजच्या जागेवरील बांधकाम १७१४ पासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. ‘माँप्लेझीर’ हा समुद्रकाठचा छोटा विटांचा प्रासाद त्याच वर्षी सुरू झाला.

मूळ आराखडा कोणाचा, याविषयीही मतभेद आहेत. जुन्या लेखनात त्याचे श्रेय झां बातीस्त ल ब्लाँ या फ्रेंच वास्तुविशारदास दिले जाई. मात्र तो १७१६ मध्ये रशियात आला आणि १७१९ मध्ये वारला. काम आधीच सुरू झाले होते व त्यावर योहान ब्राउनश्टाइन हा वास्तुविशारद होता. टेकाडावर प्रासाद, उतारावर जलप्रपात आणि तेथून समुद्रापर्यंत सरळ कालवा ही कल्पना पीटरच्या स्वहस्ते काढलेल्या रेखाटनांत दिसते. त्यामुळे मांडणी सम्राटाची आणि तिला स्थापत्यरूप देणारे हात अनेक, असे मानणे योग्य. ल ब्लाँनंतर निकोलो मिकेत्ती व मिखाईल झेम्त्सोव्ह यांनी काम पुढे नेले.

कारंज्यांचा मोठा बेत प्रथम जवळच्या स्त्रेल्ना येथे होता. तेथे पुरेशा उंचीवर पाणी साठवायचे तर आसपासची बरीच जमीन बुडाली असती. ही अडचण बुर्खार्ट मिनिख या अभियंत्याने दाखवून दिल्याचे सांगतात. दक्षिणेकडील रोपशा टेकड्यांवर मात्र झऱ्यांचे पाणी होते व तेथून पीटरहॉफकडे सलग उतार होता. वासिली तुवोलकोव्हच्या देखरेखीखाली १७२१ मध्ये २० किमी.हून लांब कालवा खोदण्यात आला. पाणी आधी तळ्यांत साठते, तेथून वरच्या बागेतील हौदांत येते आणि सु. १६ मी. उंचीच्या नैसर्गिक कड्यावरून नळांवाटे खालच्या बागेत उतरते. पंपाची गरजच नाही. फ्रान्समधील व्हर्साय राजवाड्याच्या कारंज्यांसाठी मात्र सीन नदीचे पाणी प्रचंड यंत्राने वर चढवावे लागे. पीटरने ते उद्यान १७१७ मध्ये पाहिले होते. आरंभीचे बरेच नळ लाकडी होते. ऑगस्ट १७२३ मध्ये निवासस्थानाचे औपचारिक उद्‌घाटन झाले.

महाजलप्रपाताच्या पायथ्याशी असलेले ‘सॅमसन’ कारंजे सर्वांत ख्यातनाम. त्यात सॅमसन सिंहाचा जबडा फाडताना दाखविला असून धार सु. २० मी. उंच जाते. स्वीडनवरील पोल्टाव्हाचा विजय (१७०९) सेंट सॅम्पसनच्या दिवशी मिळाला; सिंह हे स्वीडनच्या राजचिन्हातील. बायबलमधील सिंहमर्दक सॅमसन आणि हा संत या दोन निराळ्या व्यक्ती, पण नामसाम्य दरबारी शिल्पाला पुरले. शिल्पकार कार्लो रास्त्रेल्ली याचे शिशाचे मूळ शिल्प या विजयाच्या पंचविसाव्या स्मरणवर्षाच्या निमित्ताने योजलेले दिसते, तथापि ते बसविले गेले १७३५ मध्ये. शिसे झिजल्यामुळे एकोणिसाव्या शतकारंभी मिखाईल कोझलोव्हस्कीची ब्राँझमूर्ती तेथे आली.

सम्राज्ञी एलिझाबेथच्या काळात कार्लोचा पुत्र फ्रांचेस्को बार्तोलोमेओ रास्त्रेल्ली याने १७४५–५५ या काळात मूळच्या लहान प्रासादाचा विस्तार केला. दुसरी कॅथरिन १७६२ मध्ये पतीविरुद्धच्या उठावासाठी पीटरहॉफहूनच राजधानीकडे निघाली. पहिल्या निकोलसने पूर्वेकडे ‘अलेक्झांड्रिया’ हे इंग्रजी धाटणीचे उद्यान व तेथील ‘कॉटेज’ (१८२६–२९) उभारविले. क्रांतीनंतर येथे संग्रहालय झाले.

सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ पर्यंत येथे जर्मन सैन्य होते. प्रासाद जळाला, झाडे तुटली, सॅमसनची मूर्ती नाहीशी झाली. १९४४ मध्ये जर्मन नाव टाकून गावाला पेत्रोद्व्हरेत्स म्हणू लागले. कारंजी १९४६ मध्ये पुन्हा उडू लागली. सॅमसनची नवी मूर्ती १९४७ मध्ये वासिली सीमोनोव्ह याने घडविली. प्रासादाची पहिली दालने खुली व्हायला १९६४ उजाडले. खालच्या बागेचे क्षेत्र सु. १०२ हेक्टर असून कारंजी सु. १५० व जलप्रपात चार आहेत. बेसावध पाहुण्याला भिजविणारी गंमतीची कारंजीही त्यांतच येतात. १९९० पासून हे स्थळ सेंट पीटर्झबर्गच्या ऐतिहासिक परिसरासह जागतिक वारसा यादीत आहे.