‘माणसाचा स्वभावच असा’ हे खरं नाही

मानसशास्त्रावरच्या लेखांत एक वाक्य हमखास भेटतं: दुसऱ्याकडून चूक झाली की परिस्थिती न पाहता त्याच्या स्वभावालाच दोष देणं, ही म्हणे माणसाच्या मेंदूची उपजत खोड आहे. 1977 मध्ये मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी या प्रवृत्तीला ‘मूलभूत’ असं विशेषण लावलं आणि ते चिकटून बसलं.

पण 1984 मध्ये मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांना इतरांच्या वागण्याची कारणं विचारून मांडलेलं चित्र वेगळं होतं. त्यातला एक प्रसंग तर म्हैसूरचाच. एक वकील मोटारसायकलवरून कोर्टात निघालेला, चाक फुटतं, मागे बसलेला माणूस पडतो. वकील त्याला इस्पितळात पोचवतो आणि कामाला निघून जातो. पुढे तो जखमी दगावतो. अमेरिकनांनी बोट ठेवलं ते वकिलाच्या बेजबाबदारपणावर. भारतीयांना आधी त्याचं कोर्टातलं कर्तव्य आणि गोंधळलेली परिस्थिती दिसली.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते याच अभ्यासातल्या मुलांचं. आठ वर्षांच्या आसपासची दोन्हीकडची मुलं जवळपास सारखीच कारणं देत होती. वय वाढलं तशी अमेरिकन उत्तरं स्वभावाकडे झुकली, आपल्याकडची परिस्थितीकडे. म्हणजे ही वळणं बरीचशी घरादारातून, तिथल्या मूल्यांतून येतात.

याचा अर्थ आपण निर्दोष, असा मात्र काढू नये. कोरियातही स्वभावाला दोष देणं आढळलंच आहे. फक्त परिस्थितीचं दडपण ठळक दाखवल्यावर तिथल्या लोकांनी मत लवकर बदललं.